जरा चक्कर मारून येतो

लक्ष्मी रोडवरच्या एका साड्यांच्या दुकानात मी 1984 ते 2019 अशी पस्तीस वर्षं गादीवर बसलो. मालक म्हणून नव्हे, साड्या दाखवणारा म्हणून. एवढ्या वर्षांत मी सगळ्यात जास्त भ्यालो असेन तर एका वाक्याला: "बघतो, जरा चक्कर मारून येतो." घासाघीस करणारं गिऱ्हाईक चालतं, तोंडाळ चालतं, "समोरच्याकडे दोनशेनं कमी आहे" म्हणणारंही चालतं. चक्कर मारायला गेलेलं मात्र गेलं की गेलं. कुंटे चौकापर्यंत पोचेस्तोवर डोळ्यांपुढची जर उतरते, नवरा-बायको एकमेकांशी बोलतात, उरलेल्या खरेदीची यादी खिशातून बाहेर निघते. मग कुठली पैठणी आणि कुठलं काय.

दुसऱ्याचं मन वळवण्याची जी काही विद्या मी शिकलो, ती सगळी ही चक्कर टाळण्याची विद्या होती. जीभ गोड असावी लागते, असं लोकांना वाटतं. दुकानातले माझे गुरू, ज्यांना आम्ही सगळे अण्णा म्हणायचो, त्यांची जीभ अजिबात गोड नव्हती. दिवसाकाठी शंभर वाक्यं बोलत असतील तर नशीब. पण त्यांच्यापुढे बसलेलं गिऱ्हाईक रिकाम्या हातानं क्वचितच उठायचं.

अण्णांचा पहिला धडा चहाचा. "चहा घेणार का?" असं विचारायचं नाही, कारण पुणेकर असो की बाहेरगावचा, माणूस आधी "नको" म्हणतो. "चहा सांगू की सरबत?" असं विचारायचं. मग तो दोन्हींतलं एक निवडतो आणि आपण बसायचं ठरवलं आहे हे त्याला कळतही नाही. दुसरा धडा: कितीपर्यंतची दाखवू, हे विचारायचं नाही. "लग्न कुणाचं?" हे विचारायचं. आकडा विचारला की माणूस पाकिटाकडे बघतो, लग्न विचारलं की लेकीकडे. आणि तिसरा: मागितलेली साडी कधीही पहिली उघडायची नाही. दीड हजाराची मागितली तर आधी पाच हजारांची पैठणी पदरासकट गादीवर पसरायची आणि म्हणायचं, "घ्यायची नाही हो, नुसती बघा." त्यानंतर सव्वादोन हजार हा आकडा बिचारा अगदी गरीब वाटायला लागतो.

पण खरी जादू होती ती ढिगाची. आपण साडी उघडतो तेव्हा गिऱ्हाइकाला माल दाखवतो असं नवख्या पोराला वाटतं. अण्णा माल दाखवत नसत, कष्ट दाखवत. एकामागून एक घड्या मोडायच्या. पंधरा, वीस, तीस. बायका संकोचायला लागतात. "नको, नको, एवढ्या उघडू नका." असं म्हणाल्या की अण्णा आणखी दहा उघडत. शेवटी गादीवर गुडघ्याएवढा ढीग होतो आणि त्याच्या पलीकडून हळू आवाजात वाक्य येतं, "तुम्हाला उगाच त्रास दिला हो." ते ऐकलं की अण्णा पोऱ्याला डोळ्यानं खुणावत. बिलबुक आण. ज्याला त्रास दिल्याची टोचणी लागली तो तसाच उठून जात नाही. निदान एक साडी घेऊन उठतो. रात्री दुकान बंद करताना त्या साड्यांच्या घड्या आम्हालाच घालाव्या लागत. जरीनं बोटांची कातडी निघायची. कष्ट खोटे नव्हते. वापर खोटा होता.

माझी मुलगी कॉलेजात मानसशास्त्र शिकवते. मी निवृत्त झाल्यावर तिनं मला रॉबर्ट चाल्डिनी यांच्या "इन्फ्लुएन्स" या पुस्तकातलं एकेक प्रकरण समजावून सांगितलं. चाल्डिनी हे अमेरिकेतल्या अ‍ॅरिझोना स्टेट युनिव्हर्सिटीतले निवृत्त प्राध्यापक. पुस्तक आलं 1984 साली, म्हणजे मी गादीवर बसलो त्याच वर्षी. हे गृहस्थ प्रयोगशाळेत बसून राहिले नाहीत. जवळपास तीन वर्षं विक्रेत्यांमध्ये, देणग्या गोळा करणाऱ्यांमध्ये, जाहिरातवाल्यांमध्ये वावरले, कुठे कुठे ओळख लपवून त्यांच्या शिकवण्यांनाही बसले. मी मुलीला म्हटलं, म्हणजे आमच्यासारख्यांच्याच गादीवर येऊन शिकला की हा!

त्यात डेनिस रीगन यांचा 1971 सालचा एक प्रयोग आहे. दोघं एकत्र काम करत असतात, त्यातला एक संशोधकाचा माणूस. मधल्या सुट्टीत तो बाहेर जातो आणि येताना दोन कोकाकोला घेऊन येतो, एक स्वतःला, एक दुसऱ्याला. न मागता. थोड्या वेळानं तो सोडतीची तिकिटं विकायला काढतो. ज्यांना कोला मिळाला नव्हता त्यांच्यापेक्षा कोला प्यायलेल्यांनी सुमारे दुप्पट तिकिटं घेतली. आणि मला जास्त पटलं ते पुढचं: कोला प्यायलेल्यांना तो माणूस आवडला होता की नाही, यानं काहीच फरक पडला नाही. नावडत्या माणसाचंही देणं लागतंच. अण्णा फारसे कुणाला आवडत नसत.

दुसरा प्रयोग एलेन लँगर यांचा, 1978 चा. झेरॉक्सच्या रांगेत मध्येच घुसायचं आणि "पाच पानं आहेत, मला आधी काढू द्याल का?" असं विचारायचं. कारण न देता विचारलं तर शंभरात साठ जण हो म्हणाले. "घाई आहे म्हणून" असं सांगितलं तर चौऱ्याण्णव. आणि "मला झेरॉक्स काढायच्या आहेत म्हणून" असं सांगितलं, जे कारणच नव्हे, रांगेतल्या प्रत्येकाला झेरॉक्सच काढायची असते, तरी त्र्याण्णव! आम्ही सकाळी "ताई, भवानी आहे" म्हणायचो ते हेच. भवानी आमची, तिच्याशी त्या ताईंचा संबंध काय? पण "भवानी आहे" म्हटलं की ताई पन्नास रुपयांसाठी ताणत नसत. पुढची गंमत अशी, की पाचाऐवजी वीस पानं म्हटल्यावर ते पोकळ कारण चालेनासं झालं. मोठ्या मागणीला माणूस जागा होतो. हे आम्हाला पुस्तकाविनाच ठाऊक होतं. म्हणून परकर, फॉल, ब्लाउजपीस नेहमी शेवटी काढायचे, पैठणीचं ठरल्यावर. पैठणीनंतर परकराची किंमत कुणी विचारत नाही.

(आमच्या पुण्यातल्या "आमची कुठेही शाखा नाही" या पाटीला लोक अजून पुणेरी खाक्या समजून हसतात. मला तर तिच्याएवढी हुशार जाहिरात दुसरी माहीत नाही. दुपारी एक ते चार बंद, माल संपला की संपला, पाहिजे तर या. जे सहज मिळत नाही ते चांगलं असणारच, हे गिऱ्हाइकानं स्वतःच ठरवायचं. पाटीला रंगाचा खर्च तेवढा.)

आम्ही साधुसंत नव्हतो, हे सांगायलाच हवं. जुना पडलेला माल काढला की नगामागे वेगळे पैसे मिळत. कधी कधी मन वळवणं हा उपकारही असतो. शंभर साड्या बघून रडकुंडीला आलेल्या नवरीपुढे तीनच ठेवून "यातली एक" म्हणणं, हेही मी केलं आहे आणि त्याची लाज वाटत नाही. लाज वाटते ती वेगळ्याची.

नव्वदच्या आसपासची गोष्ट. शिरूरकडचं एक कुटुंब बस्त्याला आलं होतं. दोन्हीकडची मंडळी मिळून अकरा जण. पैसे मुलीचे वडील देणार होते. पांढरी टोपी, शर्टाच्या खिशात रबर लावलेली वही. विहिणीच्या मानाची साडी काढायची वेळ आली. अण्णांनी शिकवलं होतं की विहिणीच्या साडीचा भाव वडिलांना सांगायचा नाही, विहिणीच्या खांद्यावर पदर टाकायचा. मी टाकला. अस्सल येवल्याची, हातमागाची, मोरांचा पदर. बाई आरशात बघून नुसत्या हसल्या. सगळे वडिलांकडे बघायला लागले. ते म्हणाले, "शोभते. बांधा."

दुसऱ्या दिवशी सकाळी कुलूप काढायला पोचलो तर पायरीवर ते बसलेले. पहिल्या एसटीनं आले होते. पिशवीत ती पैठणी. घडी मोडलेली नव्हती. "बदलून द्या," म्हणाले. "रंग हाच पाहिजे, मोर पाहिजेत. पण हलकी." भवानीच्या आधी परतीचा माल म्हणून मालकांचं तोंड कडू झालं, पण मी यंत्रमागावरची, तशाच रंगाची एक शोधून काढली. त्यांनी ती उन्हात नेऊन पाहिली. मग मला विचारलं, "त्यांच्या लक्षात येईल का हो?" मी म्हटलं, "छे, अजिबात नाही." ज्या बाईनं काल अस्सल पदर खांद्यावर घेतला तिच्या हाताला फरक पहिल्या स्पर्शात कळणार, हे मला स्वच्छ ठाऊक होतं.

त्यानंतर मी भाव न सांगता कुणाच्या खांद्यावर पदर टाकला नाही. मी काही फार मोठा झालो नाही. पायरीवर बसलेला तो माणूस मला दिसला होता, एवढंच. दुकानदारीत सगळ्या क्लृप्त्यांना एक लगाम असतो: फसलेलं गिऱ्हाईक त्याच पायरीवर परत येऊ शकतं, आणि तुम्हाला त्याच्या तोंडाकडे बघावं लागतं.

आता मोबाइलवर बघा. क्लृप्त्या एकूण एक आमच्याच आहेत. "फक्त 2 शिल्लक." "या क्षणी 47 जण हे बघत आहेत." खोडलेला मोठा आकडा आणि त्याच्याखाली छोटा. उलटं धावणारं घड्याळ. तिकीट काढताना आपोआप टोपलीत पडलेला विमा, म्हणजे आमचा परकरच. फरक इतकाच की पलीकडे बोटं सोलणारं कुणी नाही आणि पायरीही नाही. अण्णा दिवसाला तीस गिऱ्हाइकं करत. हे यंत्र एकाच वेळी किती लाख माणसांपुढे ढीग मांडत असेल, आणि त्याला घड्या घालायच्या नाहीत.

यावर पेपरात नेहमीचा सल्ला येतो: ग्राहकांनी जागरूक राहावं. मला या सल्ल्याचा राग येतो. जागरूक म्हणजे माझ्याइतकं ना? दोन वर्षांपूर्वी गुडघ्यांसाठी मी एक योगासनांचं अ‍ॅप घेतलं. पहिला महिना 1 रुपया. पुढे खात्यातून आपोआप 299 कापले जायला लागले. बंद करायचं बटण शोधायला एक दुपार गेली. सापडलं तेव्हा पडद्यावर वाक्य आलं: "तुमची 12 दिवसांची साधना वाया जाईल. तरीही जायचं?" बटणं दोन. एक मोठं हिरवं, "सुरू ठेवतो". दुसरं करड्या बारीक अक्षरांत, "मला निरोगी व्हायचं नाही". पस्तीस वर्षं "एकुलत्या एका लेकीसाठी एवढंच?" हे वाक्य ज्यानं दुसऱ्यांवर वापरलं, त्यानं हिरवं बटण दाबलं. चार महिने पैसे भरत राहिलो. शेवटी मुलीनं बंद करून दिलं.

सरकारला हे कळलेलं नाही असं नाही. केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणानं 30 नोव्हेंबर 2023 रोजी "डार्क पॅटर्न" म्हणजे असल्या छुप्या फसव्या रचनांविरुद्ध मार्गदर्शक सूचना काढल्या. त्यात 13 प्रकार नावानिशी दिले आहेत: खोटी घाई लावणं, टोपलीत न मागितलेली वस्तू सरकवणं, नाही म्हणणाऱ्याला लाजवणं, वर्गणीच्या सापळ्यात अडकवणं वगैरे. लाजवण्याचं जे उदाहरण दिलं आहे ते विमानाच्या तिकिटाचं: विमा नको असेल तर प्रवाशाला "मी असुरक्षितच राहीन" असं निवडावं लागतं. वाचताना मला आमचं दुकान आठवलं. पुढे 2025 च्या जूनमध्ये कंपन्यांना सांगण्यात आलं की तीन महिन्यांत स्वतःच स्वतःची तपासणी करा. आता मालकानंच आपल्या गादीवरच्या ढिगाची तपासणी करायची म्हटल्यावर काय निघणार? अण्णांना विचारलं असतं तर तेही म्हणाले असते, मी तर फक्त माल दाखवतो.

माझ्या मते तेरा प्रकार पाठ करण्यापेक्षा एकच गोष्ट बघावी. या रचनेत गिऱ्हाइकाला चक्कर मारायला जागा ठेवली आहे का? पैसे भरण्याच्या आधी थांबता येतं का, भरल्यावर तितक्याच सोपेपणानं परत फिरता येतं का? जे एका टिचकीत सुरू होतं ते एका टिचकीत बंद झालं पाहिजे, असा साधा नियम असावा आणि तो मोडणाऱ्याला दंड असावा. हे अशक्य नाही. विम्यात झालंच आहे. पॉलिसी हातात आल्यावर ती वाचून नको वाटली तर परत करायची मुदत आधी साधारण 15 दिवस होती, 2024 पासून ती 30 दिवस झाली. म्हणजे कायद्यानं दिलेली महिनाभराची चक्कर. दारोदार माल विकणाऱ्यांसाठी अमेरिकेनं 1970 च्या दशकातच तीन दिवसांची अशी सवलत आणली होती. तिथल्या विक्रेत्यांनी त्यावर काढलेला तोडगाही चाल्डिनींच्या पुस्तकात आहे: करारनामा गिऱ्हाइकाच्याच हातानं भरून घ्यायचा. स्वतःच्या अक्षरात लिहिलेलं माणूस सहसा मोडत नाही. अण्णा बस्त्याची यादी वडिलांकडूनच लिहून घ्यायचे! तेव्हा मुदत दिली म्हणजे सगळं झालं असंही नाही. पण मुदत नसण्यापेक्षा बरं.

आणि ही चक्कर किती मोलाची आहे ते डिजिटल अरेस्टच्या बातम्या वाचताना कळतं. पोलिस किंवा सीबीआयचे अधिकारी असल्याचं सांगून माणसाला व्हिडिओ कॉलवर तासन्‌तास, कधी दिवसचे दिवस बसवून ठेवतात आणि खाती रिकामी करतात. आपल्या कायद्यात असली अटक नाहीच. ऑक्टोबर 2024 मध्ये पंतप्रधानांनी "मन की बात"मध्येही हे सांगितलं आणि थांबा, विचार करा, मग कृती करा, असा सल्ला दिला. तक्रारीसाठी 1930 हा क्रमांक आहे. लोक म्हणतात, शिकलेली माणसं कशी फसतात? मला त्यात नवल वाटत नाही. त्या भामट्यांची मागणी नीट बघा. कॉल बंद करू नका. खोलीबाहेर जाऊ नका. घरात कुणाला सांगू नका. खाकी कपडे, शिक्के, दरडावणं ही सगळी पैठणी. खरं काम ते करतात दार लावून घेण्याचं. शेजारच्या खोलीत जाऊन बायकोला नुसतं "अगं, ऐक जरा" म्हटलं तरी तो डाव मोडतो. आमच्या दुकानात नवरा-बायकोला एकमेकांशी दोन मिनिटं बोलू दिलं की विक्री अर्ध्यावर यायची. म्हणून तर आम्ही सारखं काहीतरी उघडत असायचो.

म्हणून घरात मी एक पद्धत पाडली आहे. हजाराच्या वरचं काहीही, कितीही घड्याळं धावत असली तरी, दुसऱ्या कुणाला मोठ्यानं वाचून दाखवल्याशिवाय घ्यायचं नाही. बायको हसते. "फक्त 2 शिल्लक" हे तिला मोठ्यानं वाचून दाखवलं की माझं मलाच कसंतरी होतं.

शिरूरचे ते गृहस्थ तीन वर्षांनी परत आले. धाकटीचं लग्न होतं. मी त्यांना ओळखलं, त्यांनीही मला. गादीवर टेकायच्या आधीच म्हणाले, "त्यांच्या लक्षात आलं होतं." मला काय बोलावं सुचेना. "बोलल्या नाहीत काही," ते म्हणाले, "पण ती नेसल्या नाहीत कधी." मग वही काढली. "या वेळी आधी आकडा सांगायचा, मग घडी मोडायची."

मी आकडे सांगत गेलो. सात साड्या उघडल्या. ते उठले आणि म्हणाले, जरा चक्कर मारून येतो. गल्ल्याजवळून अण्णांनी माझ्याकडे असं बघितलं की आता हा पोरगा कामातून गेला. मी बसून राहिलो, पुढची घडी मोडली नाही. अर्ध्या तासानं ते आले, हातात केळीच्या पानात बांधलेला गजरा होता. सहा साड्या घेतल्या. सातवीची घडी मी घातली.